परवानगी दिलीय, तरी सर्व्हर का सुरू होत नाही?

संध्याकाळचे सात वाजत आले होते. महापेहून घणसोली स्टेशनची रिक्षा पकडायची म्हणून बॅग उचलली, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली.

"दादा, जरा बघता का? सर्व्हर लाँचच होत नाहीये. सरांनी तर परवानगी दिलीय म्हणे."

मुलगा कळव्याचा, कामाला लागून चार महिने झालेले. स्क्रीनवर लाल पट्टी, तुम्हाला हे करायचा अधिकार नाही अशा अर्थाचं एक वाक्य आणि त्याखाली अक्षर-आकड्यांचा पाच-सहा ओळींचा काला. पठ्ठ्याने तेच बटण सहा वेळा दाबून पाहिलं होतं. सरांना फोन केला असता तर त्यांनी ॲडमिनचे सगळे अधिकार देऊन विषय संपवला असता. बहुतेक ऑफिसांत हेच होतं आणि दोन महिन्यांनी बिल बघून डोळे पांढरे होतात.

त्या दिवशी आम्ही ज्या क्रमाने शोधलं, तोच क्रम इथे देतो. उदाहरणं ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने सर्व्हर देणाऱ्या एडब्ल्यूएसची आहेत. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत.

एक बटण, सात दारं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. एडब्ल्यूएसच्या ईसी-२ या सर्व्हर-सेवेत नवा सर्व्हर (त्यांच्या भाषेत इन्स्टन्स) उभा करणारी नेहमीची क्रिया एकच, रनइन्स्टन्सेस. पण ती एक क्रिया अनेक वस्तूंवर परवानगी मागते: सर्व्हर स्वतः, ज्या इमेजवरून म्हणजे तयार साच्यावरून तो बनतो ती एएमआय, सबनेट (नेटवर्कचा तुकडा), नेटवर्क इंटरफेस (सर्व्हरचं नेटवर्क कार्ड), सिक्युरिटी ग्रुप (नेटवर्कवरची ये-जा ठरवणारे नियम), डिस्क म्हणजे व्हॉल्यूम, आणि दिली असेल तर की-पेअर (लॉगिनच्या किल्ल्या). यातल्या एकीवर जरी नकार आला तरी अख्खी विनंती फेटाळली जाते.

खारघर-कामोठ्याला भाड्याच्या घरात सामान हलवलेल्यांना हे लगेच कळेल. ॲग्रीमेंट झालेलं असतं, मालकाने चावी दिलेली असते, तरी वॉचमन टेम्पो आत सोडत नाही, कारण सोसायटीची एनओसी नाही. ती मिळते तोवर लिफ्टमधून कपाट न्यायची वेगळी चिठ्ठी लागते. मालक खोटं बोललेला नसतो. आपले सरही खोटं बोललेले नव्हते.

आधी दोन किरकोळ शंका मिटवा

तुम्ही नक्की कोण म्हणून आत आहात? टर्मिनलवर एसटीएस (तात्पुरत्या ओळखपत्रांची सेवा) हिची गेट-कॉलर-आयडेंटिटी ही आज्ञा द्या. तिला कुठलीच परवानगी लागत नाही. खाते क्रमांक आणि युजर किंवा रोल (तात्पुरती धारण करता येणारी, परवानग्या जोडलेली ओळख) समोर येतो. जुन्या प्रोजेक्टच्या प्रोफाइलमध्ये बसून नव्या प्रोजेक्टची परवानगी शोधणारे मी कमी पाहिलेले नाहीत, त्यात एकदा मीही होतो. त्याच दमात ब्राउझरमध्ये उघडलेल्या एडब्ल्यूएसच्या पानावर, म्हणजे कन्सोलवर, उजव्या कोपऱ्यातला रीजनही बघा, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागात उभा राहणार ते. मुंबई म्हणजे एपी-साउथ-१, २०१६ पासूनचा. हैदराबाद म्हणजे एपी-साउथ-२, तो २०२२ मध्ये आला. कंपनीने फक्त मुंबईची मुभा दिली असेल आणि स्क्रीनवर अमेरिकेतला रीजन उघडा असेल, तर नकार ठरलेलाच.

दुसरी शंका: ही भानगड खरंच परवानगीची आहे का? एररमध्ये अनऑथराइझ्ड-ऑपरेशन असेल तर हो. व्हीसीपीयू-लिमिट-एक्सीडेड म्हणजे खात्याचा कोटा संपला. इनसफिशियंट-इन्स्टन्स-कपॅसिटी म्हणजे त्या झोनमध्ये (रीजनमधल्या डेटा सेंटरांच्या गटात) त्या क्षणी तसा सर्व्हर शिल्लक नाही. अशा वेळी पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या लेखी नियमांत, कितीही खाडाखोड केली तरी उपयोग शून्य.

तो काला उलगडा

लाल पट्टीखालचा तो गिचमिड मजकूर सगळे दुर्लक्षितात आणि खरं उत्तर तिथेच असतं. नकाराचा सगळा तपशील त्यात सांकेतिक रूपात भरलेला आहे. तो पूर्ण कॉपी करा. मध्ये ओळ तुटली किंवा शेवटची दोन अक्षरं राहिली तर उलगडणार नाही. मग एसटीएसच्या डीकोड-ऑथरायझेशन-मेसेज या आज्ञेला तो द्या. या आज्ञेलाही वेगळी परवानगी लागते. नवख्या मुलांकडे ती बहुधा नसते, तेव्हा ज्याच्याकडे आहे त्याला चिकटवून पाठवा. माझ्या मते ही परवानगी प्रत्येक डेव्हलपरला पहिल्याच दिवशी द्यावी. पॉलिसीतला थोडा तपशील त्यामुळे उघडा पडतो, हे खरं. पण टीमचे किती तास वाचतात, तेही पाहा.

बाहेर येतो तो जेसन मजकूर, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा, लांबलचक. घाबरू नका, तीनच जागा वाचायच्या. एक्स्प्लिसिट-डिनाय (स्पष्ट नकार) खरं आहे की खोटं? ॲक्शन (क्रिया) कोणती? आणि रिसोर्स (वस्तू) कोणता?

आमच्या मुलाच्या बाबतीत एक्स्प्लिसिट-डिनाय खोटं निघालं. म्हणजे कोणी मुद्दाम अडवलेलं नाही, फक्त कोणी 'हो' म्हटलेलं नाही. ॲक्शन रनइन्स्टन्सेस. रिसोर्सच्या शेवटी सबनेटचा क्रमांक.

"पण दादा, पॉलिसीत रिसोर्सला स्टार आहे, म्हणजे सगळ्या वस्तू. स्टारमध्ये सबनेट येत नाही का?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून पॉलिसी उघडली.

अट चुकीच्या दारावर

सरांनी रनइन्स्टन्सेसला स्टारवर परवानगी देऊन खाली अट घातली होती: इन्स्टन्सचा प्रकार टी-३ मायक्रोच हवा. हेतू चांगला, कोणी चुकून महागडं मशीन उभं करू नये. पण इन्स्टन्स-टाइप हा गुण फक्त सर्व्हरला असतो. सबनेटला कुठला आलाय प्रकार? डिस्कला, सिक्युरिटी ग्रुपला, इमेजला? त्या प्रत्येकाशी पॉलिसी ताडताना तो गुण सापडत नाही, स्ट्रिंग-इक्वल्सची, म्हणजे 'तंतोतंत जुळायला हवं' ही अट खोटी ठरते आणि परवानगी गळून पडते. माझ्या अनुभवात लाँचच्या तक्रारींमध्ये ही चूक सगळ्यात जास्त वेळा भेटते, आणि नुसती पॉलिसी वाचून ती पटकन लक्षात येत नाही, कारण वाचताना सगळं शहाणपणाचंच वाटतं.

उपाय म्हणजे परवानगीची दोन कलमं करायची. पहिल्यात रिसोर्स फक्त इन्स्टन्स, आणि प्रकाराची अट तिथेच. दुसऱ्यात इमेज, सबनेट, नेटवर्क इंटरफेस, सिक्युरिटी ग्रुप, व्हॉल्यूम आणि की-पेअर, त्या अटीशिवाय. 'गुण असेल तरच तपास' असा इफ-एक्झिस्ट्स प्रत्यय लावूनही काम भागतं, पण मला दोन कलमंच आवडतात. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला ती समजतात.

दुसरं कलम लिहिताना एक खाच आहे. बाकीच्या वस्तूंच्या एआरएनमध्ये (एडब्ल्यूएसमधल्या वस्तूच्या पूर्ण पत्त्यामध्ये) रीजननंतर आपला खाते क्रमांक येतो, इमेजच्या एआरएनमध्ये मात्र ती जागा रिकामी असते, म्हणजे रीजननंतर सलग दोन कोलन. कॉपी-पेस्ट करताना तिथेही खाते क्रमांक गेला की पुन्हा लाल पट्टी, या वेळी रिसोर्समध्ये इमेज.

रिसोर्स किंवा ॲक्शन वेगळी दिसली तर

ॲक्शनमध्ये क्रिएट-टॅग्ज दिसलं तर तुम्ही सर्व्हरला नाव दिलं आहे. लाँचच्या पानावर सर्वांत वर जो नावाचा रकाना आहे, ते नाव म्हणजे टॅगच, वस्तूला लावलेली चिठ्ठी. नाव पुसून लाँच झालं तर निदान पक्कं. क्रिएट-टॅग्जची परवानगी द्या, पण क्रिएट-ॲक्शन ही रनइन्स्टन्सेस असेल तेव्हाच, अशी अट घालून; नाहीतर कोणीही कुठल्याही सर्व्हरचे टॅग बदलत सुटेल.

पास-रोल दिसलं तर सर्व्हरला आयएएम (परवानग्या सांभाळणारी सेवा) मधला रोल जोडला आहे. इथे मात्र घाई नको. पास-रोलला स्टार दिला तर ज्याला साधा सर्व्हर सुरू करायची मुभा आहे, तो त्या सर्व्हरला ॲडमिनचा रोल जोडून, आत शिरून, अख्ख्या खात्याचा मालक होऊ शकतो. तेवढ्या एका रोलचा एआरएन लिहा आणि पास्ड-टू-सर्व्हिस ईसी-२ असल्याची अट लावा.

क्रिएट-सिक्युरिटी-ग्रुप दिसलं तर दोष तुमच्याकडे आहे: कन्सोल आपणहून लाँच-विझार्ड नावाचा नवा ग्रुप बनवायला जातो. आधीपासून असलेला ग्रुप निवडा, संपलं. आणि लाँचच्या पानावरच्या याद्याच रिकाम्या दिसत असतील तर डिस्क्राइब प्रकारच्या, म्हणजे नुसतं पाहण्याच्या, परवानग्या नाहीत. ईसी-२ च्या त्या परवानग्यांना रिसोर्स स्टारच द्यायचा, त्या एकेका वस्तूवर देता येत नाहीत.

एक्स्प्लिसिट-डिनाय खरं आलं तर गोष्ट वेगळी. कुठेतरी स्पष्ट 'नाही' लिहिलंय, आणि एक 'नाही' शंभर 'हो'ना भारी पडतं. ते बहुतेकदा संस्थेच्या पातळीवरच्या सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीत असतं, म्हणजे सोसायटीच्या नियमात. मालकाकडे कितीही हेलपाटे घाला, रविवारी टेम्पो आत येणार नाही. सेक्रेटरीला गाठा. डिनाय खोटं आहे, पॉलिसीही बरोबर दिसतेय, तरी अडतंय? मग तुमच्या युजरवर पर्मिशन्स बाउंडरी आहे का ते बघा. पॉलिसी आणि बाउंडरी दोन्हींत जे असेल तेवढंच चालतं.

एक चकवा राहिला. सर्व्हर सुरू होतो, पेंडिंग दिसतो आणि काही क्षणांत टर्मिनेटेड. लाल पट्टी नाहीच. सर्व्हरच्या तपशिलात बंद होण्याचं कारण क्लायंट-इंटर्नल-एरर असं असेल, तर बहुधा डिस्क एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आहे आणि तिच्या केएमएस (किल्ल्या सांभाळणारी सेवा) मधल्या किल्लीवर तुम्हाला हक्क नाही. किल्लीच्या मालकाकडून क्रिएट-ग्रँट, डीक्रिप्ट वगैरे परवानग्या घ्याव्या लागतात, आणि किल्लीची स्वतःची पॉलिसीही तपासावी लागते.

पैसे न घालवता चाचणी

दुरुस्तीनंतर लगेच खरा सर्व्हर उभा करू नका. कमांड लाइनवर रन-इन्स्टन्सेसला ड्राय-रन हा पर्याय जोडा, म्हणजे सर्व्हर उभा न होता फक्त तपासणी होते. परवानगी नसेल तर नेहमीचाच नकार येतो. असेल तर ड्राय-रन-ऑपरेशन अशी एरर येते. होय, एररच, आणि तीच शुभवार्ता: विनंती यशस्वी झाली असती, असं ती सांगते. पॉलिसी बदलल्यावर ती सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो, तेव्हा पहिल्या नकाराने खचू नका. पाणी पिऊन या आणि पुन्हा बघा.

आम्ही सरांना दोन कलमांचा मसुदा पाठवला, त्यांनी फोनवरच ओके म्हटलं आणि घरून बदल केला. पाच मिनिटांनी ड्राय-रन पास. मुलाने खुशीत ब्राउझर उघडला, सर्व्हरला झोकात नाव दिलं, बटण दाबलं.

लाल पट्टी.

मी खुर्चीकडे वळलो, तर तो म्हणाला, "थांबा दादा, तुम्ही निघा. मी आधी डीकोड करतो."