साध्या धातूंतील इलेक्ट्रॉनांचा संवेग कसा मोजावा

ठरावीक ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, स्थिर इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरला तर त्याची ऊर्जा दिलेल्या कोनात एकच असते. परंतु धातूतील इलेक्ट्रॉन सतत फिरत असल्यामुळे वर्णपटातील ही एका ऊर्जेची रेषा रुंद होते, आणि त्या रुंदीच्या आकारातूनच त्यांच्या संवेगाचे वितरण, म्हणजे कॉम्प्टन प्रोफाइल, मिळते. भौतिकशास्त्रज्ञ ड्यूमाँड यांनी 1929 मध्ये बेरिलियमवर असेच मापन करून धातूतील इलेक्ट्रॉन फर्मी-डिरॅक सांख्यिकी, म्हणजे एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन हा नियम, पाळतात हे दाखवले. जळगाव किंवा धुळ्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सुरुवात ॲल्युमिनियमपासून करावी, कारण सोडियम हवेत लगेच काळवंडतो आणि त्याला निर्वात कक्ष लागतो.

स्रोत म्हणून अमेरिशियम-241 चे 59.54 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण वापरतात. ते गॅमा किरण असले तरी त्यांची ऊर्जा क्ष-किरणांच्याच पट्ट्यातील आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असा स्रोत हाताळू नये. विखुरण्याचा कोन 160 अंशांच्या आसपास ठेवल्यास कॉम्प्टन शिखर, म्हणजे ऊर्जा गमावून विखुरलेल्या फोटॉनांचे शिखर, सुमारे 48.6 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते, आणि तेथे संवेगाचे एक अणू-एकक (अणूतील इलेक्ट्रॉनांच्या संवेगासाठी सोयीचे माप) म्हणजे जवळपास 0.63 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इतका लहान फरक सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला ओळखता येत नाही, म्हणून तो येथे उपयोगाचा नाही; द्रव नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियम डिटेक्टरच हवा.

पुरेशी गणना जमण्यास अनेक दिवस लागतात, आणि खानदेशातील खरी अडचण येथेच आहे. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. खोलीचे तापमान दिवसरात्र बदलत राहिले तर ॲम्प्लिफायरचे प्रवर्धन सरकते आणि शिखर कृत्रिमरीत्या रुंद होते, ज्याला पुढे इलेक्ट्रॉनांची गती समजण्याची गफलत सहज होते. त्यामुळे मोजणी शक्यतो हिवाळ्यात करावी, वीज खंडित झाल्यास पर्यायी सोय आधी लावावी, वर्णपट थोड्या थोड्या तासांनी वेगळा साठवावा आणि प्रत्येक तुकड्यात ऊर्जा न गमावता विखुरलेल्या किरणांचे 59.54 चे शिखर जागेवर आहे की नाही हे तपासूनच तुकड्यांची बेरीज करावी.

नमुना काढून तेवढाच वेळ घेतलेली पार्श्वभूमी वजा करावी. त्यानंतर डिटेक्टरची कार्यक्षमता, नमुन्यातील शोषण आणि दोनदा विखुरलेल्या फोटॉनांचा वाटा यांच्या दुरुस्त्या कराव्यात. शेवटची दुरुस्ती टाळू नये, कारण जाड पत्र्यात ती नगण्य नसते. अक्ष संवेगात बदलल्यावर वक्राखालील क्षेत्रफळ ॲल्युमिनियमच्या 13 इलेक्ट्रॉनांशी जुळवावे आणि आतील 10 इलेक्ट्रॉनांचा गणिताने काढलेला रुंद वाटा वजा करावा.

उरलेला भाग तीन संयुजा इलेक्ट्रॉनांचा. ते पूर्णपणे मोकळे असते तर तो उलट्या पॅराबोलासारखा दिसला असता, मध्यावर त्याची उंची सुमारे 2.4 असती आणि फर्मी संवेगाशी, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या कमाल संवेगाशी (येथे 0.93 अणू-एकके), तो शून्यावर येऊन तेथे त्याचा उतार एकदम बदलून कोपरा दिसला असता. जर्मेनियम डिटेक्टरची विभेदनक्षमता, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, 0.6 एककांच्या आसपास असल्याने हा कोपरा गोलावलेला दिसेल. म्हणून सैद्धांतिक वक्र आधी तेवढाच अस्पष्ट करून मगच तुलना करावी. फर्मी संवेग अवघा 0.49 असलेल्या सोडियमचा कोपरा स्पष्ट पाहायचा असेल, तर सिंक्रोट्रॉनवरील (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावरील) स्फटिक-वर्णपटमापीच लागतो, कारण त्याची विभेदनक्षमता 0.1 एककापर्यंत पोहोचते.