प्रश्नमंजूषेत ‘गॉर्डन’ कसा विचारावा
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मुलांची प्रश्नमंजूषा मी घेते. नावावर प्रश्न काढायचा तर आधी आडनावाचं गाव शोधा. गॉर्डन हे स्कॉटलंडमधल्या बेरिकशर भागातलं गाव. मग आडनाव पाळण्यात कसं गेलं ते बघा. इथे घाई नको, खरी मजा इथेच आहे. ब्रिटिश जनरल चार्ल्स गॉर्डन १८८५ मध्ये सुदानमधल्या खार्टूमला मारले गेले, आणि त्यांच्या आठवणीने ब्रिटनमध्ये कित्येक मुलांचं नाव गॉर्डन ठेवलं गेलं.

संकेत अवघडाकडून सोप्याकडे न्या: ब्रिटनचे माजी पंतप्रधान ब्राउन, शेफ रॅमसे, शेवटी वेस्ट इंडीजचा फलंदाज ग्रीनिज. १९७४, बंगळूर, पदार्पणाच्या कसोटीत ९३ आणि १०७! क्रिकेट आधी काढलंत, तर बडोद्याची पोरं पुढचं ऐकूनच घेणार नाहीत.