ॲल्युमिनियमच्या जुन्या होडीला लाकूड आणि साहित्य कसं निवडावं

बारा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीत पत्रा सहसा मरत नाही. मरतं ते आतलं लाकूड: ट्रान्सम, म्हणजे मोटर टांगायची मागची भिंत, मग फ्लोअर आणि बाकं. वडोदऱ्यात लाकडाच्या लातीत (आपल्या वखारीत) 'होडीसाठी काय देऊ?' असं विचारून कोणी सागवान देईल, कोणी 'वॉटरप्रूफ' प्लाय. दोघांचं ऐकू नका.

जुनं लाकूड फोडून काढण्यापूर्वी पुठ्ठ्यावर त्याचा आकार उतरवून घ्या, आणि जाडी लाकडाची नव्हे, पत्र्याच्या खोबणीची मोजा. कुजलेलं लाकूड फुगलेलं असतं. मग होडी ठोकळ्यांवर ठेवून आत चार इंच पाणी भरा आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. गळके रिव्हेट आत्ताच बदलून घ्या. फ्लोअर बसल्यावर तिथे हात पोचत नाही. पत्र्याला चीर असेल तर मकरपुरा जीआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या.

ट्रान्समसाठी १८ एमएमचे दोन प्लाय चिकटवून ३६ एमएम करायचे. ८ बाय ४ ची एक शीट त्याला पुरते. शीटवर आयएसआय मार्क आणि आयएस ७१० छापलेलं पाहा. या मरीन ग्रेडची चाचणी ७२ तास उकळून होते. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळतो तो बहुधा आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात काही वेळ टिकणारा), त्याची चाचणी ८ तासांची. तो किचनच्या ट्रॉलीला चालतो, ट्रान्समला नाही. शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा मागून आणा आणि दिवसभर पातेल्यात उकळा. पापुद्रे सुटले तर प्रश्न मिटला. कडेने पाहताना आतल्या थरांत फट किंवा पोकळी दिसली तर शीट परत करा. तिथे पाणी साचतं आणि बोल्ट आवळला की लाकूड आत दबतं. अलंगच्या जहाजतोडणीतून येणारा जुना प्लाय स्वस्त असतो, पण त्याचा ग्रेड आणि त्याने आधी किती पाणी प्यायलंय, दोन्ही कळत नाही. त्याची कपाटं करा.

भरीव सागवान बाकांना उत्तम, ट्रान्समला नको. तो आडव्या दिशेत फुगतो-आकसतो, प्लाय जवळपास स्थिर राहतो. बाभूळ तर नकोच. त्यातलं टॅनिन ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातं.

यापेक्षा मोठा धोका तांब्याचा. वाळवी-बुरशीविरुद्ध 'ट्रीटेड' केलेल्या लाकडात आणि प्लायमध्ये तांब्याचे क्षार असू शकतात. चांगला मरीन प्लायही याला अपवाद नाही. ओल्या लाकडातून ते ॲल्युमिनियमवर उतरले की पत्र्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडायला लागतात. म्हणून लाकूड आणि पत्रा एकमेकांना उघडे टेकता कामा नयेत. पितळी स्क्रूही नकोत. तळात पडून राहिलेलं पाच रुपयांचं पिवळं नाणं हेच काम करतं. नर्मदेला पैसा वाहायचा तर काठावरून वाहा.

आता एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारी राळ. सगळे चुकतात ते इथे, आणि चूक दिसते दोन पावसाळ्यांनंतर. वरची बाजू आरशासारखी चकचकीत आणि कडा कोरड्या! प्लाय पाणी पितो तो कडेने आणि भोकांतून, वरच्या बाजूने फारच थोडं. सपाट बाजूंना तीन हात पुरेत, कडांना पाच द्या. पहिला हात कडा शोषून घेतात, तो मोजू नका.

वेळ संध्याकाळची धरा. प्लाय दिवसा तापलेला असतो आणि थंड होताना आतली हवा आकसून राळ आत ओढून घेते. सकाळी लावलात तर ऊन चढताच तीच हवा प्रसरण पावते, बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा पुढे पाण्याचं भोक होतो. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो कोमट पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवून, सुकवून, मग घासल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. नुसतं पॉलिश पेपरने घासलं तर तो थर पसरतो.

राळ आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर वाढवणं हा शुद्ध अडाणीपणा. जास्तीचा हार्डनर सुकत नाही, तो कायम चिकट राहतो. एका वेळी १५० ग्रॅमहून जास्त कालवू नका आणि लगेच पसरट ताटलीत ओता. मेच्या उकाड्यात मगात ठेवलेली राळ पाच-दहा मिनिटांत धूर सोडते. दोन शीट चिकटवायलाही एपॉक्सीच वापरा. पांढरा सुतारी गोंद, डब्यावर 'मरीन' लिहिलेलं असलं तरी, पाण्याखाली राहण्यासाठी नाही.

भोकांची पद्धत वेगळी. ८ एमएमच्या बोल्टसाठी आधी १४ एमएमचं भोक पाडा, मागून टेप लावा, एरोसिल (सिलिकाची हलकी भुकटी) मिसळून दाट केलेली एपॉक्सी भरा आणि पूर्ण कडक झाल्यावर मधोमध ८ एमएमचं भोक पाडा. बोल्टभोवती लाकूड उघडं राहत नाही, पाणी शिरलं तरी ते राळेलाच टेकतं. मिस्त्री याला वेळेची नासाडी म्हणतील. म्हणू द्या. प्रत्येक स्क्रूला हेच करा, फिशफाइंडरच्या दोन स्क्रूंनाही.

बसवताना ट्रान्समच्या तळाशी ५ एमएम फट ठेवा, लाकूड पाण्यात बुडून राहू नये. दुसऱ्या फटींना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन ॲल्युमिनियमवर कधीच नको, सुकताना सुटणारं आम्ल पत्र्याला लागतं. आजवा तलावासारख्या गोड्या पाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट चालतात. महीच्या मुखाकडे, जिथे खंभातच्या आखाताची भरती येते, तिथे ३१६ घ्या. दोन्हीकडे नायलॉनचे वॉशर.

फ्लोअरला १२ एमएम मरीन प्लाय, तीच एपॉक्सी, कडेला ६ एमएम जागा, आणि पट्ट्या स्क्रूने काढता येतील अशा. त्यावर कार्पेट चिकटवू नका, ते ओला टॉवेल होऊन बसतं.

बाकांखाली थर्माकोल भरतात. तो हळूहळू पाणी पितो. त्याऐवजी एक्सपीएस (दाट, बंद छिद्रांचा पॉलिस्टायरीन फोम) शीट कापून भरा. पेट्रोल सांडलं की थर्माकोलसारखी तीही विरघळते, म्हणून बाक बंद करा. १०० लिटर एक्सपीएस साधारण ९५ किलो तरंगवतं. होडीचं ॲल्युमिनियम ६० किलो असेल तर पाण्यात त्याचं वजन ३८ किलोच भरतं, पण मोटर, बॅटरी आणि माणसं जोडून हिशेब करा.

रंग: आधी एच (Etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा पहिला हात, मग टॉपकोट. तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग नको.

सात दिवस एपॉक्सी कडक होऊ द्या, मोटर त्यानंतरच टांगा. तिच्या क्लॅम्पखाली ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा.