कॅमेऱ्यातल्या आडव्या पट्ट्या आणि २.८ व्होल्टची लाइन

गेल्या पावसाळ्यात भोसरीतल्या माझ्या बेंचवर एक कॅमेरा बोर्ड येऊन पडला. औषधाच्या स्ट्रिपमध्ये गोळी आहे की खाच रिकामी, एवढंच बघणारा. साधं चित्र ठीक. पण गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) आठपट केला की काळ्या भागात बारीक आडव्या पट्ट्या, आणि त्याही हळूहळू वर सरकणाऱ्या. बोर्ड मीच डिझाइन केलेला, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नव्हतं.

पट्ट्या आडव्याच का, हे आधी समजून घ्या. अशा सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक कॉलमला स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारं सर्किट) असतो आणि अख्खी ओळ एकाच वेळी मोजली जाते. ज्याच्याशी तुलना करून मोजतात तो एकसारखा सरकणारा व्होल्टेज, म्हणजे रॅम्प, सगळ्यांचा एकच; सप्लायही, म्हणजे ती २.८ व्होल्टची लाइन, एकच. त्या क्षणी सप्लाय हलला की त्या ओळीतले सगळे पिक्सेल मिळून वर किंवा खाली जातात. सुटा दाणेदार नॉइज डोळा माफ करतो. रेघ मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याची असली तरी दिसते. त्यात गेन वाढवणं म्हणजे रॅम्पचा उतार कमी करणं. १० बिटला १ व्होल्टची रेंज धरली तर एक काउंट (आकड्यातली एक पायरी) जवळपास १ मिलिव्होल्टचा; आठपट गेनला तोच ०.१२ चा. पाव मिलिव्होल्ट रॅम्पपर्यंत पोचला की झाले दोन काउंट.

आता कपॅसिटर वाढवायला धावू नका. आधी मोजा. लेन्सवर झाकण, एक्स्पोजर कमीत कमी, गेन पूर्ण, आणि शंभर फ्रेम साठवा. त्यांची सरासरी प्रत्येक फ्रेममधून वजा केली की कायमचा पॅटर्न जातो. मग प्रत्येक ओळीची सरासरी काढा. हजार कॉलमच्या सरासरीत पिक्सेलचा नॉइज साधारण ३२ पट घटतो आणि ओळीचा नॉइज उघडा पडतो. त्या आकड्यांचा एफएफटी (कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित) घ्या.

माझ्याकडे दर १९ ओळींनी पट्टी येत होती. एक ओळ १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर १५०० क्लॉकची, म्हणजे १५ मायक्रोसेकंद, म्हणजे ६६.६७ किलोहर्ट्झ. १९ ओळींचे झाले ३.५ किलोहर्ट्झ. बोर्डवर ३.५ किलोहर्ट्झचं काहीच नव्हतं! पण सेन्सर ओळीमागे एकदाच डोकावतो, त्यामुळे वरची फ्रिक्वेन्सी दुमडून खाली आलेली असू शकते. कितव्या पटीवरून, हे शोधायची युक्ती मला फार आवडते: ओळीची लांबी फक्त एका क्लॉकने वाढवा. १५०१ केल्यावर पट्टी १५.५ ओळींवर आली, म्हणजे ४.३ किलोहर्ट्झ. ओळीची फ्रिक्वेन्सी ४४ हर्ट्झने घटली आणि पट्टीची ८०० ने वाढली. भागाकार १८. म्हणजे चोर १८ व्या पटीच्या किंचित वर, १२०३.५ किलोहर्ट्झला. बक कन्व्हर्टरच्या (स्विच भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटच्या) डेटाशीटवर १.२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं होतंच.

बकच्या ३.३ व्होल्टमधून सेन्सरसाठी स्वच्छ २.८ काढतो तो एलडीओ रेग्युलेटर. खात्रीसाठी त्याची इनपुट लाइन तोडून तीन पेन्सिल सेल जोडले (एलडीओला साडेचार व्होल्ट चालतात ना, ते आधी बघा). पट्ट्या गायब. सेलवरही राहिल्या असत्या तर ग्राउंड आणि डिजिटल लाइनींकडे वळावं लागलं असतं.

मग मी केला तो मूर्खपणा. एलडीओनंतर फेराइट बीड (वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारा मणी) टाकला, "१०० मेगाहर्ट्झला ६०० ओहम" वाला. पण १.२ मेगाहर्ट्झला तो जेमतेम १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर असतो. पुढचा छोटा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर २.८ व्होल्ट पडल्यावर ६ च्याही खाली आलेला. दोघांचा रेझोनन्स कुठे बसावा? ६६ किलोहर्ट्झच्या आसपास, नेमका ओळीच्या फ्रिक्वेन्सीवर. पट्ट्या थोड्या कमी झाल्या, पण चकचकीत गोळीच्या डावी-उजवीकडे फिकट ओघळ दिसू लागले.

शेवटी लागू पडलं ते स्वस्तातलं. बीड काढून तिथे शून्य ओहम, आणि बक व एलडीओच्या मध्ये २.२ ओहमचा रेझिस्टर. तिथल्या १० मायक्रोफॅरडचे प्रत्यक्षात सहाच धरले तरी १.२ मेगाहर्ट्झला जवळपास ४० डीबीची, म्हणजे शंभरपट घट. नॉइज अडवण्याची एलडीओची ७० डीबीची फुशारकी १ किलोहर्ट्झची असते. १ मेगाहर्ट्झला त्यातलं फार थोडं उरतं, तेव्हा हे ४० सोन्यासारखे. रेझिस्टर एलडीओच्या आधीच हवा. नंतर टाकला तर सेन्सरच्या करंटबरोबर २.८ व्होल्टच हलणार. ३० मिलिअँपला ६६ मिलिव्होल्ट पडतात, म्हणून ३.३ मधून २.८ काढताना एलडीओला पुरेसा फरक उरतो का ते बघा. उरला नाही तर तो नॉइज अडवणंच सोडून देतो.

बकचा पल्स-स्किप मोडही बंद करा. हलक्या लोडवर तो फ्रिक्वेन्सी खाली आणतो आणि रिपल (व्होल्टेजवरची लहर) वाढवतो, मग वरची रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी कुचकामी. बकला सिंक पिन असेल तर त्याला ओळीच्या फ्रिक्वेन्सीच्या नेमक्या १८ पटीचं घड्याळ द्या. मग प्रत्येक ओळीला रिपलची तीच फेज मिळते, पट्टी सरळ ऑफसेट बनते आणि ब्लॅक लेव्हलबरोबर (काळ्या रंगाच्या आधार-आकड्याबरोबर) वजा होते. स्प्रेड स्पेक्ट्रम (बकची फ्रिक्वेन्सी मुद्दाम हलती ठेवणं) मात्र नको. पट्ट्या जातात, पण ओळी वेड्यावाकड्या लुकलुकायला लागतात.

स्कोपने तपासताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून स्प्रिंग लावा. क्लिपचा वेढा बकचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आणि नसलेला नॉइज दाखवतो. माझा एक अख्खा दिवस त्यात गेला.

तो बोर्ड आता चालतो. बीडच्या जागी शून्य ओहम आहे, स्किमॅटिकमध्ये मात्र अजून बीडचं नाव, एफबी-३ च लिहिलंय. पुढच्या रिव्हिजनला बदलायचंय.