पेमेंट कंपनीचा 'वेलकम' मेल आलाय, पण अकाउंट तुम्ही उघडलंच नाही? या चुका टाळा

एरवी लोकांना मेल उघडून बघायला वेळ नसतोय, पण "स्वागत आहे, तुमचं अकाउंट तयार झालंय" असा मेल पैशाच्या कंपनीकडनं आला की लगेच घाम फुटतोय. आमचं दुकान सोलापुरात नवी पेठेत, कॉम्प्युटर रिपेरिंग आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं, त्यामुळं असला मेल घेऊन येणारी माणसं मला काय नवीन नाहीत. वैताग मेलचा नाही ओ, वैताग याचा आहे की माझ्याकडं यायच्या आधीच ते काहीतरी दाबून आलेले असतात, आणि नेमकं जे दाबायचं नाही तेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नुसत्या ईमेल आयडीवरनं कोणी तुमच्या बँकेतला एक रुपया काढू शकत नाही. पेपाल या परदेशी पेमेंट कंपनीचं उदाहरण घ्या, भारतातल्या माणसाला त्यावर पैसे घ्यायचे तर पॅन द्यावं लागतंय, बँक खातं जोडावं लागतंय, आणि १ एप्रिल २०२१ पासनं तर त्यांनी भारतातल्या भारतात पैसे द्यायघ्यायचं बंदच केलंय, आता फक्त परदेशाशी व्यवहार. म्हणजे बाहेर टॉवेल पाठवणारे व्यापारी, घरात बसून बाहेरची कामं करणारी पोरंपोरी, असे लोक वापरतात. तुमच्या नावानं कोणी रिकामं अकाउंट उघडलं तर ते रिकामंच आहे. त्यात पैसे, कार्ड, ओटीपी जे काही जाणार ते तुमच्याच हातनं जाणार.

मग मेल येतो का? बऱ्याचदा कारण एकदम फालतू असतंय. जीमेल टिंब मोजतच नाही. नाव आणि आडनावाच्या मधे टिंब टाका, चार टिंबं टाका, एकही टाकू नका, जीमेलला ते सगळं एकच. पण पेमेंट कंपनीला ते वेगवेगळे पत्ते वाटतात, म्हणून कोणी टिंब कुठंही टाकून तुमचा आयडी लिहिला तरी मेल तुमच्याकडंच. तुमच्याच नावाचा एखादा माणूस नागपुरात नाहीतर थेट न्यू जर्सीत बसलाय, त्याचा खरा आयडी पुढं दोन आकडे असलेला आहे, तो आकडे टाकायला विसरला, झालं, मेल तुम्हाला. कुरियरवर दुसऱ्यानं चुकून तुमच्या घराचा पत्ता लिहावा तसं. पाटील, शिंदे, माने असल्या आडनावांना हा त्रास जास्त, नाव जितकं साधं तितकी गर्दी जास्त.

दुसरं कारण म्हणजे मेलच खोटा. आणि तिसरं, जे लोकांना माहीतच नाही, ते म्हणजे मेल खरा पण डाव खोटा. यावर जरा लांबण लावतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात.

मेलमधल्या नंबरवर फोन लावणं

पूर्व भागातले एक काका आहेत, टॉवेलचे, कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. माणूस हिशोबाला पक्का, सुताचा भाव पैशापैशात भांडून घेणारा. त्यांना संध्याकाळी एका परदेशी पेमेंट सर्व्हिसचा मेल आला, अकाउंट उघडल्याबद्दल धन्यवाद. पाठोपाठ दुसरा मेल, ४९९ डॉलरचं बिल. बिलाच्या खाली नोट, की हे तुम्ही केलं नसेल तर ताबडतोब या नंबरवर फोन करा, नाहीतर रक्कम कापली जाईल. आता काकांना त्यांच्या भाच्यानं शिकवून ठेवलेलं, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, स्पेलिंग बघायचं. काकांनी चष्मा लावून एकेक अक्षर बघितलं. पत्ता खरा! कंपनीचाच! म्हणून फोन लावला.

इथंच गोम आहे. या कंपन्यांच्या साईटवर बिल पाठवायची सोय असते, ज्याचं अकाउंट आहे तो जगातल्या कुठल्याही ईमेलला बिल पाठवू शकतो. मेल जातो कंपनीच्याच सर्व्हरवरनं, म्हणून पत्ता खरा, जीमेलमधे मूळ मेल उघडून तपासलं तर पाठवणारा खरा का या तपासणीपुढं सगळीकडं 'पास' लिहिलेलं दिसणार. पण आतली नोट? ती बिल पाठवणाऱ्यानं टाईप केलेली. नंबर त्याचाच. म्हणजे लिफाफा खरा, आतली चिठ्ठी चोराची. युट्यूबवर दोन मिनिटाचा व्हिडिओ बघून "पत्ता चेक केला की सेफ" म्हणणाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं.

फोनवरचा माणूस लई गोड बोलला, हिंदीत, सर सर करत. म्हणाला अकाउंट बंद करून देतो, फक्त कॉम्प्युटरवर एक ॲप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. काकांनी टाकलं. मग म्हणाला रिफंड कुठल्या खात्यात पाहिजे ते दाखवा, नेट बँकिंग उघडा. काकांनी तेही उघडलं. तो इकडं तिकडं माऊस फिरवतोय, काकांना वाटतंय काम चाललंय. आणि तेवढ्यात लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, राऊटर बंद. मोबाईलवरचा फोन मात्र चालू, आणि तो माणूस एकदम सूर बदलून म्हणतोय, "सर, इन्व्हर्टर नहीं है क्या आपके पास? पडोसी के यहाँ?" काका मला सांगत होते, "तिथं माझी ट्यूब पेटली, की अमेरिकेतल्या कंपनीच्या माणसाला माझ्या इन्व्हर्टरची एवढी काळजी कशाला बे?" फोन कट.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर जायच्या आत काका दारात. दुसऱ्या मशीनवरनं नेट बँकिंग उघडून बघितलं तर पैसे जागेवर, पण बेनिफिशियरीच्या, म्हणजे ज्यांना पैसे पाठवायचे त्यांच्या यादीत एक नवीन नाव येऊन बसलेलं, जे काकांनी जन्मात ऐकलेलं नाही. रात्रीच बँकेला फोन करायला पाहिजे होता, पण काकांचं म्हणणं, एवढ्या रात्री कोण उचलणार. अहो, कार्ड-खातं ब्लॉक करायची लाईन चोवीस तास चालू असते! मग बँकेत फोन करून नेट बँकिंग बंद, ते नाव काढलं, पासवर्ड बदलला तो वेगळ्या मशीनवरनं, आणि काकांचा कॉम्प्युटर सरळ फॉरमॅट. "नुसतं ते ॲप काढून टाक की" असा आग्रह चाललेला, मी ऐकलं नाही. ज्या मशीनवर परका माणूस बसून गेलाय ते मी तरी पुसूनच परत देतो, तक्रार चालेल.

असल्या स्क्रीन बघायच्या ॲपबद्दल आरबीआयनं फेब्रुवारी २०१९ मधेच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलेलं. ॲप वाईट नाही, मी रोज वापरतो, पण मी ज्याला ओळखतो त्याच्याच मशीनवर. आणि हेही ऐकून ठेवा, आरबीआयच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की ना तुमची चूक ना बँकेची, तिसरीकडंच काही घोटाळा होऊन पैसे गेले आणि तुम्ही कामाच्या ३ दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर काही नाही, पण पासवर्ड-ओटीपी तुम्हीच देऊन बसला असाल तर कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं. म्हणून पैसे गेलेच तर आधी बँक आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, रडारड नंतर. सायबर क्राईमच्या पोर्टलवरची तक्रार भरायला कोणालाही जवळ बसवा, पण तो फोन स्वतः लावा आणि लगेच लावा.

गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधून फोन लावणं ही याच चुकीची सख्खी बहीण. वर जे पहिलं दिसतं ते कंपनीचंच असतंय असं काही नाही. नंबर हवा तर कंपनीच्या साईटवर किंवा ॲपमधे जाऊन तिथल्या मदतीच्या पानावरनं घ्या.

कुतूहल म्हणून कन्फर्म दाबणं, नाहीतर "माझ्याच मेलवर आहे की" म्हणून आत घुसणं

ही चूक तरण्या पोरांची. मोठी माणसं घाबरून चुकतात, ही पोरं हुशारीनं चुकतात.

इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा, जुळे सोलापूरचा, त्याला असाच दुसऱ्याच्या नावानं मेल आला. यानं काय केलं, तर 'ईमेल कन्फर्म करा' दाबलं, मग पासवर्ड विसरलो म्हणून रिसेट मारला, रिसेटची लिंक याच्याच मेलवर येणार, आला की आत. आत बघितलं तर कुठल्यातरी दुसऱ्या देशातलं अकाउंट. मजा वाटली, मित्रांना दाखवलं, विसरून गेला. पुढं याला परदेशातलं वेबसाईटचं काम मिळालं आणि पैसे घ्यायला त्याच सर्व्हिसवर अकाउंट उघडायला गेला, तर हा ईमेल आधीच वापरात आहे म्हणे. बरं, त्याच अकाउंटचा देश बदलावा म्हटलं तर देश बदलताच येत नाही, ते अकाउंट बंद करून नवीन उघडावं लागतंय. आणि बंद करायचं तर ओळख पटवा, आणि ओळख याची नाही! तिकडं क्लायंट पैसे कधी, कुठं पाठवू म्हणून मागं लागलेला. शेवटी दुसऱ्या ईमेलवर अकाउंट उघडलं, आणि जुना आयडी अजून तिकडंच अडकून पडलाय.

नुसती गैरसोय असती तरी ठीक. पण दुसऱ्याच्या अकाउंटमधे परवानगीशिवाय जाणं आयटी ॲक्टच्या कचाट्यात येतं, "मेल माझा होता" हे सांगत बसायची वेळ कशाला आणायची? आणि उलटा डावही असतोय. कोणीतरी मुद्दाम तुमच्या ईमेलवर अकाउंट उघडून ठेवतो, तुम्ही कधीतरी कन्फर्म करता, आपलंच समजून वापरायला लागता, आणि त्याच्याकडं आत यायचा एक रस्ता आधीपासनं राहिलेला असतो. २०२२ मधे संशोधकांनी ७५ नावाजलेल्या साईट्सवर हे तपासलं तर ३५ ठिकाणी असलं काही ना काही करता येत होतं. म्हणून जे अकाउंट तुम्ही उघडलं नाही त्याला कधीही, चुकूनही, होय म्हणायचं नाही.

मग करायचं काय? मी काय करतो ते सांगतो, पुस्तकात काय लिहिलंय ते मला विचारू नका. मेलमधलं काही दाबत नाही, "हे मी नाही" असं बटण असलं तरी नाही, कारण खोट्या मेलमधे सगळ्यात आकर्षक बटण तेच असतंय. ब्राउझरमधे पत्ता हातानं टाईप करतो आणि मदतीच्या पानावरनं कंपनीला कळवतो की हा ईमेल माझा, अकाउंट माझं नाही, काढून टाका. मेल खोटाच वाटला तर जसाच्या तसा फॉरवर्ड करतो, पेपालसाठी त्यांचा पत्ता 'फिशिंग ॲट पेपाल डॉट कॉम'. एकच मेल आलाय, पुढं काही नाही, तर खरं सांगू का, मी तो बाजूला लेबल लावून ठेवतो आणि चहा प्यायला जातो. लोकांना हे पटत नाही. त्यांना काहीतरी दाबल्याशिवाय चैनच पडत नाही.

एकदम ढीगभर मेल आले आणि सगळे डिलीट मारले

एक वेलकम मेल ही वेगळी गोष्ट, आणि तासाभरात शंभर साईट्सचे वेलकम मेल येणं ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात कोणीतरी मुद्दाम तुमचा इनबॉक्स भरतोय, कारण त्या ढिगात एक मेल लपवायचाय, तुमच्या कार्डावर झालेल्या खरेदीचा नाहीतर बँकेचा. हे बघून लोक सगळं सिलेक्ट करून डिलीट मारतात, म्हणजे चोराचं काम आपणच करून देतात. अशा वेळी सर्चमधे बँकेचं नाव टाका, कार्डाचे शेवटचे चार आकडे टाका, 'ऑर्डर' टाका, आणि मेसेजही बघा.

बाकी बारीकसारीक

मेलचा पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं नाही, जीमेलच्या सेटिंगमधे फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, तिथं अनोळखी पत्ता बसला असेल तर तुमचा प्रत्येक मेल त्याला जातोय.

सगळीकडं एकच पासवर्ड ठेवलाय आणि वर पोराच्या वाढदिवसाचा. यावर मी बोलणं सोडलंय.

स्पेलिंग मोबाईलवर बघू नका, स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय टाकलेला डोळ्याला कळत नाही, ही युक्ती २००० सालापासनं चालत आलीय आणि अजून चालतीय.

खऱ्या कंपनीचा मेल रागानं स्पॅममधे टाकू नका, उद्या तुमचंच पेमेंट आल्याचा मेल तिकडं जाऊन पडेल.

पैसे यायला पिन लागत नाही. कोणी रिफंडसाठी यूपीआय पिन टाका म्हणाला की फोन ठेवा, नमस्कार-चमत्कार काही नको.

व्हॉट्सॲपवर आलेलं "व्हेरिफिकेशन ॲप" टाकू नका, प्ले स्टोअरच्या बाहेरचं तर नाहीच.

आणि दुकानात दाखवायला येताना मेलचा स्क्रीनशॉट आणू नका, पुतण्याला फॉरवर्ड करून त्याच्या मोबाईलवरनं तर अजिबात दाखवू नका, पाठवणाऱ्याचा खरा पत्ता त्यात कट झालेला असतोय आणि मी तुमच्या पुतण्याचं नाव वाचत बसतोय. मूळ मेल, ज्या आयडीवर आलाय त्याच आयडीवर, उघडता येईल असा आणा, आणि त्या आयडीचा पासवर्ड काय आहे ते घरनंच आठवून या.