जुना दाढीचा ब्रश पुन्हा कामाला लावताना या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा एखादं जुनं घर रिकामं करताना कपाटाच्या मागच्या फळीवर, गोव्यात जुने दाढीचे ब्रश अजून सापडतात. मूठ बहुधा देखणी असते: पिवळसर कॅटॅलिनची किंवा सेल्युलॉइडची (दोन्ही जुन्या काळची प्लास्टिक), लाकडाची, पितळेची. केसांची अवस्था मात्र वाईट. ते ताठ झालेले असतात, त्यांना वास येतो आणि साबणावर कितीही घोळवला तरी फेस धरत नाही. अशा ब्रशचं वयामुळे होतं त्याहून जास्त नुकसान दुरुस्तीच्या घाईत होतं. आधी बिघाड ओळखायचा, मग सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची, हा क्रम पाळला तर बरेचसे ब्रश केस न बदलताही कामाला लागतात.

पाण्याचा दोष ब्रशच्या माथी मारणं

बार्देस आणि सासष्टीच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी पांढरा चिकट साका तयार होतो. ब्रश फेस धरत नाही असं वाटतं, पण मुळात फेस झालेलाच नसतो. म्हणून ब्रशला हात लावण्याआधी तोच साबण आरओच्या किंवा बाटलीतल्या पाण्याने घोळवून बघा. पावसाळ्यात छपरावरचं पाणी चालेल, फक्त पहिल्या एक-दोन सरींचं घेऊ नका. या पाण्याने दोन मिनिटांत दाट फेस आला तर ब्रश ठणठणीत आहे.

केस कशाचे आहेत हे न बघता उपाय करणं

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसाचं टोक आणि बूड फिकट असतं आणि मधे काळा पट्टा असतो. डुकराचा केस जाड, बहुधा पांढुरका असतो आणि टोकाला दुभंगलेला असतो. घोड्याचा केस या दोन्हींच्या मधला. शंका असली तर एक सुटलेला केस चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर तो प्राण्याचा, वितळून टोकाला मणी झाला तर नायलॉन. हे काम ब्रशपासून लांब करा, कारण सेल्युलॉइडची मूठ भुर्रकन पेटते.

ही ओळख कशाला हवी? डुकराचे केस पाणी पितात आणि त्यानंतरच मऊ होतात. बॅजरला पाण्यात बुडवून झटकलं की पुरतं, डुकराच्या केसांना कोमट पाण्यात तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. पोर्तुगालमध्ये डुकराच्या केसांचे ब्रश बनवण्याची परंपरा आहे, सेमोग कंपनीचे ब्रश आजही तिथेच बनतात. त्यामुळे गोव्यातल्या जुन्या घरात असा ब्रश निघाला तर नवल नाही. कोरडाच साबणावर घासून ‘काट्यासारखा टोचतो’ म्हणून टाकून दिलेला ब्रश नुसता भिजवला तरी सुधारतो.

फार जुना ब्रश निर्धास्तपणे चेहऱ्याला लावणं

पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सचे, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या आजाराचे, रुग्ण आढळले होते. ब्रिटनने 1920 मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदी घातली ती त्यामुळेच. अँथ्रॅक्सचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, घरच्या उकळत्या पाण्याला किंवा स्पिरिटला ते दाद देत नाहीत. म्हणून 1930 च्या आधीचा वाटणारा, केस कशाचे ते कळत नाही असा ब्रश शोकेसमध्येच ठेवावा. केस बदलण्यासाठीही ते घरी कापू किंवा ड्रिल करू नयेत, धूळ नाकात जाते. आमच्या मते इथे तडजोड नाही.

व्हिनेगरवर थांबणं

केसांच्या बुडाशी पांढरी, पिठूळ पुटं दिसतात आणि ओला ब्रश दाबला की बुडाशी गच्च लागतो. हा वर्षानुवर्षं साठलेला साबणाचा साका. याला व्हिनेगर लागतं हे बरेच जण जाणतात. पण आम्ल साक्यातलं कॅल्शियम सोडवतं, तेव्हा मागे मेणचट स्निग्धाम्ल उरतं. ते पाण्यात विरघळत नाही. केस तुपकट लागतात, मग माणूस आणखी कडक व्हिनेगर ओततो आणि केसांची साल खरखरीत होते. मेणचटपणा काढायला भांडी घासायचं लिक्विड आणि टाकणखारासारखा थोडा अल्कलीच लागतो.

क्रम असा ठेवा. पाणी सगळीकडे कोमट, म्हणजे 40 अंशांच्या आसपास, हात सहज बुडवता येईल इतपत. उकळतं पाणी केसही बिघडवतं आणि बुडाचं जुनं राळेचं चिकटणही सैल करतं. आधी अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून ब्रश दहा मिनिटं हलकेच घोळवा. धुऊन मग 450 मिली पाण्यात 50 मिली पांढरं सिंथेटिक व्हिनेगर, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पुन्हा धुवा. तिसऱ्या पाण्यात, तेही अर्धा लिटर, एक चमचा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि आणखी दहा मिनिटं ठेवा. शेवटी नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पुटं फार जाड असतील तर हे सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, द्रावणं कडक करू नका.

व्हिनेगर आणि टाकणखार एकाच मगात कालवायची कृती सर्रास सांगितली जाते. ती दोन्ही एकमेकांना निकामी करतात, हाती खारट पाणी उरतं. स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर विंदालूलाच राहू द्या. त्याचा रंग आणि गाळ फिकट केसांत बसतो आणि आंबूस वास लवकर जात नाही.

तिन्ही पाण्यांत केसच बुडवा. मूठ आणि केसांचा सांधा पाण्यावर राहिला पाहिजे. सांध्यात पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि आतल्या प्लास्टरच्या भरावाचा चिखल होतो. विंचरायचं तर रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून हळूहळू खाली यायचं.

केसांचा कंडिशनर लावू नका. त्यातलं सिलिकॉन केसांवर बसतं, ब्रश हाताला रेशमासारखा लागतो पण फेस धरत नाही. तसा लावून झाला असेल तर तीन-चार दिवस रोज भांड्यांच्या लिक्विडने धुणं एवढाच इलाज.

निर्जंतुक करायला फेणी वापरा असा सल्ला गोव्यात मिळतोच. बाटलीतल्या फेणीत अल्कोहोल 43 टक्क्यांच्या आसपास असतं. जंतू मारायला किमान 60 टक्के लागतं आणि लाखेचं जुनं चिकटण मात्र अल्कोहोलने मऊ पडू शकतं. तेव्हा फेणी ग्लासातच बरी. सलूनच्या सामानाच्या दुकानात कंगवे-कात्र्यांसाठीचं क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक मिळतं, ते लेबलवरच्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ वापरा. ब्रशमध्ये साबण उरला असेल तर हे जंतुनाशक निष्प्रभ होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

केस गळतात म्हणून बुडात फेविक्विक ओतणं

गळलेला केस पट्टीशेजारी ठेवून बघा. पूर्ण लांबीचा, बुडाला गोंदाचा ठिपका असलेला केस निघत असेल तर केसांच्या जुडीचं मुठीतलं चिकटण सुटतंय. अर्धवट लांबीचे तुकडे पडत असतील तर केस बुडाशी कुजून तुटतायत. साका, ओल आणि चेहऱ्यावर दाबून घासण्याची सवय यांचा तो एकत्रित परिणाम, आणि मधोमध टक्कल दिसू लागलं की तो ब्रश संपला. पहिल्या धुण्यात दहा-वीस केस येणं साधी गोष्ट आहे. दर वेळी झुपका हातात येत असेल तर ते वाट बघण्याचं लक्षण नव्हे.

फेविक्विक ओतलं की ते केसांमधून वर चढतं आणि सेंटिमीटरभर भाग दगड होतो. वर गोव्याच्या दमट हवेत मुठीवर पांढरी साय धरते. दुसरं टोक म्हणजे फेव्हिकॉल: पांढरा गोंद रोजच्या पाण्यापुढे टिकत नाही.

अख्खी जुडी सैल होऊन डगडग हलत असेल पण केस घट्ट असतील तर काम सोपं आहे. ती ओढून काढायची, मुठीतला खळगा खरवडायचा आणि पुन्हा बसवायची. केसच गेले असतील तर नवी जुडी घ्यायची. बाजारात तिला ‘नॉट’ म्हणतात आणि ती ऑनलाइन मिळते.

मोजल्याशिवाय नॉट मागवणं

जुने केस बुडापासून कात्रीने कापा. मग मधोमध 6 मिमीच्या बिटाने हळू वेगात भोक पाडा आणि ते मोठं करत जुनं चिकटण काढा. कडेचा शेवटचा थर हाताने, सँडपेपर गुंडाळलेल्या काठीने घासा. मास्क लावा, कारण बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकमध्ये भराव म्हणून कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस असे. सेल्युलॉइडला ड्रिलची उष्णता चालत नाही, दर काही सेकंदांनी थांबा. सेल्युलॉइड ओळखायचं तर मूठ अंगठ्याने जोरात चोळा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिक साबणासारखा आला तर बेकेलाइट किंवा कॅटॅलिन, जळक्या दुधाचा आला तर गॅलालिथ, म्हणजे दुधातल्या केसीनपासून बनलेलं प्लास्टिक. गॅलालिथ पाणी शोषून फुगतं आणि तडकतं, त्याला भिजवत ठेवू नका.

आता व्हर्नियर कॅलिपरने खळग्याचा व्यास आणि खोली मोजा. नॉट साधारण 20, 22, 24, 26 मिमी अशा मापांत येतात. खळगा नॉटच्या बुडापेक्षा मिलिमीटरभर मोठा हवा, चिकटणाला जागा राहते. दुसरं माप मुठीच्या कडेवर दिसणाऱ्या केसांच्या उंचीचं. 24 मिमीच्या बॅजर नॉटला 50 ते 52 मिमी आणि डुकराच्या केसांना 55 ते 57 मिमी उंची बरी पडते. नॉट खोल गेली तर ब्रश ताठ होतो, टोकं उमलत नाहीत आणि फेस आतच अडकतो. वर राहिली तर केस लुळे पडतात.

चिकटवण्याआधी नॉटच्या बुडाला नळाच्या जोडाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून ती खळग्यात घट्ट बसवा आणि वाटीत फेस करून बघा. उंची पटली नाही तर खाली स्टीलचे वॉशर टाका. साधे लोखंडी वॉशर नकोत, ते गंजून खळगा तडकवतात. ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि नेमकी हीच गाळली जाते.

पटल्यावर टेप काढा. खळगा 120 नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करून पुसा. अ‍ॅराल्डाइट स्टँडर्डसारखं सावकाश सुकणारं दोन ट्यूबचं इपॉक्सी समप्रमाणात कालवा. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारात जुडी सरळ करायला वेळच मिळत नाही. तळाशी मटाराएवढा गोळा आणि कडेला पातळ थर पुरे, जास्त झालं तर ते केसांत चढतं. केसांना कागदाची नळी गुंडाळून नॉट फिरवत बसवा, समोरून आणि बाजूने सरळ आहे ना बघा, आणि 24 तास उभी ठेवा. मूठ पोकळ असेल तर पोकळी एका दमात इपॉक्सीने भरू नका. जाड थर सुकताना तापतो, सेल्युलॉइडसाठी हे धोक्याचं. पाच-पाच मिमीचे थर द्या, प्रत्येक थंड झाल्यावर पुढचा.

मुठीला चकाकी आणताना नाव पुसून टाकणं

कोरलेल्या अक्षरांतला रंग मेटल पॉलिशने निघून जातो, म्हणून तो भाग टेपने झाका. अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, सेल्युलॉइडला वितळवतो. ओरखड्यांना ओला 1000 आणि मग 2000 नंबरचा कागद पुरतो. पितळेवर समुद्राच्या हवेने हिरवट थर आला असेल तर मेटल पॉलिश चालेल, मात्र केस आधी प्लास्टिकमध्ये बांधा. मूठ हस्तिदंताची वाटली तर ती विकायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे.

मूठ फुटलीच असेल तर कुंकळ्ळीचे चितारी कारागीर लेथवर लाकूड सुरेख कातून देतात. त्यांचं लाखेचं रंगकाम खेळण्यांवर आणि पाळण्यांवर शोभतं, रोजच्या गरम पाण्यात आणि आफ्टरशेव्हच्या अल्कोहोलमध्ये टिकणार नाही. मूठ कोरी घ्या आणि पॉलियुरेथेनचे तीन-चार हात खळग्याच्या आतपर्यंत द्या.

पावसाळ्यात डबीत बंद करणं

जून ते सप्टेंबर गोव्यात बाथरूममध्ये ठेवलेला ब्रश दोन दिवसांतही आतून सुकत नाही. दाढीनंतर धुऊन पिळा, झटका, टॉवेलवर दहा-बारा वेळा हलकेच फिरवा आणि बाथरूमबाहेर, पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी ठेवा. केस वर की खाली हा वाद सोडून द्या, वारा महत्त्वाचा. कडक उन्हात मात्र नको, केस ठिसूळ होतात आणि जुनं प्लास्टिक वाकतं. दोन ब्रश आलटून-पालटून वापरले तर प्रत्येकाला 48 तास मिळतात.

वापरात नसलेल्या ब्रशचे केस किडे कुरतडतात, पण डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही जुन्या प्लास्टिकना मऊ करते. पूर्ण सुकलेला ब्रश सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद बरणीत ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. कुबट वास आला तर तो बरणीत जाताना आतून ओला होता.