अंगठा घेण्याआधी

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी पहिल्यांदा संशोधनासाठी बायकांचं रक्त तपासायला गेले, तेव्हा सरपंच सोबत होते, आशाताई सोबत होत्या. दीड तासात 22 अंगठे झाले. निघताना एक बाई टोचलेलं बोट दाबून धरत आशाताईंना पावरी बोलीत काहीतरी बोलली. "रेशनकार्डात नाव कधी चढेल, विचारते," आशाताईंनी सांगितलं. 22 कागदांवर निळे ठसे स्वच्छ उमटले होते, पण संमती एकीचीही नव्हती. चूक माझी होती. ते कागद आम्ही बाद केले आणि पुन्हा गेलो. तेव्हापासून जसं करते, ते यंदा पहिल्यांदा फील्डवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय निघायचं नाही. औषध देऊन परिणाम पाहणार असाल, तर पहिल्या माणसाला सामील करण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी करा. ही कामं टेबलावर होतात. खरी कसोटी ओट्यावर बसल्यावर लागते.

माहितीपत्रक त्याच पाड्यावरच्या कुणाकडून तिथल्या बोलीत लिहून घ्या. मग मूळ पत्रक न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाला त्याचं मराठी करायला सांगा. काय निसटलं ते लगेच कळतं. 'संशोधन' म्हटलं की लोकांना योजना वाटते. म्हणून आधी सांगा: आम्ही सरकारचे नाही, यातून पैसे किंवा घरकुल मिळणार नाही, बोटातून दोन थेंब रक्त घेऊ, अंगात रक्त कमी आहे का ते कळेल, आणि नाही म्हणालात तरी कुणी काही म्हणणार नाही. नंतर "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी सासूनं विचारलं तर काय सांगाल?" असं विचारा. उत्तरात रेशन आलं, तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

सरपंचांची परवानगी गावात शिरण्यासाठी असते. त्यानंतर त्यांना नमस्कार करून घरी पाठवा. आशाताईंनाही विचारायला लावू नका. बाळंतपणात ज्यांचा आधार लागतो, त्यांना नाही कसं म्हणणार? 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. शेवटी प्रकल्प थांबवावा लागला. ज्याच्या हातात समोरच्याचं जेवणखाण आहे, त्याची सही म्हणजे संमती नव्हे.

शक्य असेल तिथे माहिती सांगणं आणि अंगठा घेणं यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्या. अंगठा घेताना तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार हवा, त्याची सही हवी, आणि कागदाची एक प्रत त्या बाईकडे राहायला हवी. मूल सात वर्षांवरचं असेल तर त्यालाही विचारायचं. बापानं सही केली आणि पोरानं हात पाठीमागे लपवला, तर तो नकारच आहे. सुई ठेवून द्या.

नकारांची रजिस्टरमध्ये नोंद करा, शोधनिबंधातही आकडा द्या. दुसऱ्या फेरीत त्या 22 जणींपैकी सहा नाही म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं. जिथे एकही नकार येत नाही, तिथे मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बसते. हिमोग्लोबिनचे सगळे आकडे 11.0, 11.5, 12.0 असेच दिसले तरी जाते, कारण ते बहुधा आंब्याखाली बसून भरलेले असतात. सर्वेक्षकांना फॉर्ममागे पैसे देऊ नका, दिवसाची मजुरी द्या. अर्धी खोटी नोंद तिथेच थांबते.

नावांची यादी वेगळ्या कुलपात, बाकी सगळीकडे फक्त कोड नंबर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो नाही. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असंही समजू नका: '28 वर्षांची विधवा, अंगणवाडी मदतनीस' एवढं लिहिलं की अख्खा तालुका तिला ओळखतो. शोधनिबंधात पाड्याचं नाव देऊ नका. डेटा सगळ्यांसाठी खुला करणार असाल, तर तेही संमती घेतानाच सांगायला हवं. मागाहून ठरवून चालत नाही.

हिमोग्लोबिन 8 च्या खाली, गरोदर बाईचं 7 च्या खाली निघालं, तर त्याच दिवशी गाडी करून तिला आरोग्य केंद्रात पोचवा. तुमचा त्या दिवसाचा नमुना अपुरा राहिला तरी चालेल. बाकी प्रत्येकीला तिचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्याचा अर्थ तोंडी सांगा. पत्रक ज्यानं बोलीत आणलं आणि घरोघर फिरून आकड्यांचा अर्थ लावायला मदत केली, त्याला लेखनात सामील करून घ्या आणि लेखकांत त्याचं नाव घाला.

निष्कर्ष आले की पाड्यावर परत जायचं. दहा खडे मांडा, रक्त कमी असलेल्यांचे बाजूला सरकवा, सगळ्यांना दिसतं. दिवाळीनंतर बरीच घरं मजुरीला गुजरातेत गेलेली असतात आणि होळीला परततात, तेव्हा जा. त्या फेरीचं गाडीभाडं पहिल्याच बजेटमध्ये धरा. नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.